कोरफडीचा गर दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतो, काहींना खाज सुटते: नेमकं काय चुकतंय?

सिन्नरची_मंगल

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटात त्वचेला लावण्यासाठी कोरफडीचा गर काढतो. सध्या गटातल्या बायका आणि त्यांच्या घरची माणसं एवढ्यांपुरताच वापर आहे. जमलं तर दिवाळीनंतर नाशिकच्या प्रदर्शनात ठेवायचा विचार चालू आहे, पण त्याआधी पद्धत पक्की करायची आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानं बांधावरच्या झाडांची. बांधाच्या एका अंगाला कांदा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची द्राक्षबाग. सकाळी विळ्याने पानं कापतो, धुतो, लगेच साल काढतो, गर मिक्सरला दोन मिनिटं फिरवतो आणि मलमलीतून गाळतो. एक किलोला एका लिंबाचा रस, थोडं गुलाबपाणी आणि व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल घालतो. मग प्लास्टिकच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये.

अडचणी अशा. दुसऱ्या दिवशी गराला गुलाबी छटा येते, कधी तपकिरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं पाणी होतं आणि आंबूस वास येतो. साल काढणाऱ्या दोघींच्या हातांना खाज सुटते, आणि लावणाऱ्यांपैकीही एखादीच्या मानेवर पुरळ येतं. बाकीच्यांना मात्र उन्हाने लाल झालेल्या कातडीवर लगेच गार वाटतं, आग कमी होते.

प्रश्न दोन. हे सगळं टाळायचं कसं? आणि गरात खरंच औषधी काही आहे, की नुसत्या गार पाण्याचाच हा गुण?

—

खलबत्ता

मंगलताई, रंग, पाणी होणं आणि खाज या तिन्हींची कारणं वेगळी आहेत, पण तिन्हींची सुरुवात तुमच्या "लगेच साल काढतो" या शब्दांपाशी होते.

एक पान आडवं कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. बाहेर हिरवी साल दिसेल, मध्ये काचेसारखा पारदर्शक गर. आता सालीच्या लगेच आत पाहा. बारीक ठिपक्यांची एक ओळ पानाच्या कडेने फिरलेली असते, आणि काही क्षणांत त्या ठिपक्यांतून पिवळे थेंब फुटायला लागतात. तो चीक. पानात पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भोवतालच्या पेशींत तो साठतो. चीक आणि गर हे दोन पूर्ण वेगळे पदार्थ आहेत, आणि कोरफडीबद्दलचे अर्धेअधिक घोळ त्यांना एक समजल्यामुळे होतात.

चिकात अ‍ॅलोइन आणि अ‍ॅलो-इमोडिन ही अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात. चीक वाळवला की काळपट तपकिरी खडे होतात, तोच आपल्याकडचा काळा बोळ. तो जहाल रेचक आहे. त्वचेला शांत करण्याचा त्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट तो त्वचेला चावतो. कोरफड लावून खाज आली, पुरळ आलं अशा तक्रारींत पहिला संशय गरात राहिलेल्या चिकावरच घ्यायचा. अ‍ॅलो-इमोडिनमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, हेही लक्षात ठेवा. उन्हाने रापलेल्या मानेवर चीकमिश्रित गर लावून पुन्हा उन्हात गेलं तर त्रास वाढतो. गुलाबी रंगाचं मूळही इथेच. चिकातली फिनॉल जातीची द्रव्यं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात आणि आधी गुलाबी, मग लालसर तपकिरी होतात. चिकापासून नीट सुटलेला गर जवळजवळ रंगहीन असतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

आता कृती. पान झाडावरून विळ्याने मधेच छाटू नका. बुंध्याजवळचा पांढरा भाग अखंड राहील असं बाजूला ओढून सोडवा. पान उघडं पडलं नाही की जंतू आत शिरत नाहीत. घरी आणल्यावर वाहत्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, कोरडं करा, आणि मग बुंध्याकडचे दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापून पानं उभी ठेवा, कापलेली बाजू खाली. स्टीलच्या बादलीत जाळी टाकून ठेवली तर थेंब खाली पडतात आणि पान त्यात भिजत नाही. निदान अर्धा तास तरी ठेवा. थेंब थांबले म्हणजे सगळा चीक गेला असं मात्र नाही. सालीलगतच्या पेशींत तो उरतोच, म्हणून पुढची कापणी महत्त्वाची.

टोकाकडचे सात-आठ सेंटिमीटर टाकून द्या आणि दोन्ही काटेरी कडा चांगल्या सेंटिमीटरभर रुंद काढा. चीक टोकाला आणि कडांना जास्त असतो. मग पान सपाट ठेवून वरची साल काढा, सुरी फिरवून खालची. सालीबरोबर थोडा गर गेला तर जाऊ द्या. सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे, कारण चिकाचे ठिपके नेमके तिथेच असतात. अर्ध्या किलोच्या पानातून अडीचशे ग्रॅमच्या आसपास स्वच्छ गर निघाला तर समाधान माना.

गराची लादी उकळून गार केलेल्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून काढा. हाताला लागणारा पिवळट बुळबुळीतपणा गेला की थांबा. तासभर भिजत ठेवलं तर उपयोगी शर्कराही पाण्यात निघून जातात. सुरी स्टेनलेस स्टीलची हवी. लोखंडी विळ्याचा लोह या फिनॉलशी मिळून गर काळवंडतो. साल काढणारीने पातळ रबरी हातमोजे घालायचे. चिकाबरोबरच पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात. हातांची खाज या दोन्हींमुळे येते.

पाणी का होतं? गराला दाटपणा येतो तो मॅनोज नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांमुळे. त्यातल्या मुख्य घटकाला असेमॅनन म्हणतात. पान कापल्या क्षणापासून पानातलीच विकरं (एन्झाइम) या साखळ्या तोडायला लागतात, पुढे जंतू तेच काम करतात. मिक्सरला दोन मिनिटं फिरवणं म्हणजे विकरं आणि साखळ्या नीट कालवून देणं, शिवाय भरपूर हवा आत कोंडणं. दहा-पंधरा सेकंद पुरेत. फेस खाली बसू द्या, मग गाळा. पान तोडल्यापासून डबी भरेपर्यंत चार ते सहा तासांच्या वर जाऊ देऊ नका.

चीक राहिला का हे तपासायची एक सोपी चाचणी आहे, टाकणखाराची. पाच मिली गाळलेल्या गरात चिमूटभर टाकणखार घालून तो विरघळेपर्यंत गरम करा आणि त्याचे काही थेंब पाण्याने भरलेल्या काचेच्या परीक्षानळीत टाका. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमक दिसली तर अ‍ॅलोइन आहे. चमक दिसली नाही म्हणून गर निर्दोष असं मात्र धरू नका. अगदी थोडं प्रमाण या चाचणीत सापडत नाही. प्रसाधनांसाठी अँथ्राक्विनोनची मर्यादा दहा लाख भागांत ५० इतकी कडक धरतात, आणि तेवढं मोजायला प्रयोगशाळाच लागते.

—

वाफा_आणि_वेल

खलबत्ता यांनी पान उघडल्यानंतरचं सगळं सांगितलं. मी झाडापासून सुरुवात करतो, कारण मूळ प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं: दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग.

ताई, ती पानं वापरू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत भुरी, डाऊनी, करपा या रोगांसाठी गंधक, बोर्डो, मॅन्कोझेब अशा फवारण्या सतत चालतात. ब्लोअरचा फवारा बांधावर थांबत नाही, पुढे सरकतो. कोरफडीच्या पानाची बुडाकडची पन्हळ वर उघडी असते. पडलेलं औषध तिथे जमतं, सुकतं, आणि साल काढताना सुरीबरोबर गरात येतं. गंधकाने तर नुसत्या हातांनाही खाज सुटते. तुमच्या दोघींच्या खाजेत याचाही वाटा असू शकतो. धुऊन सगळं जातं असं समजू नका. फवारणीच्या पिकापासून लांब, घराजवळ स्वतंत्र वाफा करा.

दुसरी खात्री झाड कोरफडीचंच आहे याची. सिन्नर, चांदवड, येवल्याकडे बांधाला आणि माळाला घायपात भरपूर आहे, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. घायपाताचा रस कातडीवर पडला की आग होते, फोड येतात. ओळखायला पान मोडून बघा. घायपात मोडत नाही, त्यातून दोरीसारखे लांब तंतू ओढले जातात आणि टोकाला काळा कडक काटा असतो. कोरफड मटकन तुटते, तंतू नसतात, टोक मऊसर असतं. घायपाताला आयुष्यात एकदाच उंच दांडा येतो आणि मग झाड मरतं, कोरफड मात्र दरवर्षी फुलते. नर्सरीत शोभेच्या ठिपकेदार जातीही "अ‍ॅलोव्हेरा" म्हणून विकतात. खऱ्या कोरफडीच्या पिल्लांवरही पांढरे ठिपके असतातच, त्यामुळे लहान रोपावरून फसगत होते. मोठ्या झाडाची पानं जाड, फिकट हिरवी, जवळजवळ बिनठिपक्यांची आणि फुलं पिवळी, एवढं पाहून मगच पिल्लं घ्या.

पान कोणतं घ्यायचं? दोन-तीन वर्षांच्या झाडाची सगळ्यात बाहेरची, खालची. मधल्या कोवळ्या पानांत अ‍ॅलोइनचं प्रमाण जास्त आणि गर कमी. एका वेळी तीन-चारच घ्या, झाडावर निदान आठ-दहा राहू द्या. तोडणीआधी आठवडाभर पाणी तोडा. भर पावसाळ्यात तोडलेल्या पानाचा गर पातळ निघतो, त्याला तुमच्या पद्धतीचा दोष लावू नका.

सकाळच्या तोडणीचं कारणही सांगतो. कोरफड आपली छिद्रं दिवसा मिटते आणि रात्री उघडते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसभर वापरते. म्हणून पहाटे गर जास्त आंबट, संध्याकाळी कमी. आम्लता जास्त असताना जंतू जरा हळू वाढतात आणि पानही गार असतं. तुम्ही सकाळी तोडता ते बरोबरच आहे, फक्त ऊन चढायच्या आत आटपा.

जमिनीचं म्हणाल तर काळ्या भारी जमिनीत थेट लावू नका. सिन्नरला पाऊस कमी, तरी एक मोठी सर आली की काळी जमीन चार दिवस पाणी धरते आणि मूळ कुजतं. कुजीची सुरुवात बुंध्याजवळ मऊ, पाणचट तपकिरी डागाने होते. असं झाड उपटून टाका, त्याची चांगली दिसणारी पानंही वापरू नका. फूटभर उंच गादीवाफा, निम्मी माती, निम्मी भरड वाळू किंवा मुरूम, आणि थोडं कुजलेलं शेणखत. इगतपुरी-त्र्यंबककडच्या कुणाला लावायची असेल तर पावसाळ्यात वर छप्पर हवंच. एप्रिल-मेच्या उन्हात पानं लालसर तपकिरी होतात, तो रोग नाही, उन्हाचा ताण आहे. दुपारची सावली दिली की पुन्हा हिरवी होतात.

—

सिडको_ओपीडी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: गुण कोरफडीचा की पाण्याचा.

गरात ९८.५ ते ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. लावल्याबरोबर जे गार वाटतं ते बहुतांश त्या पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. साध्या ओल्या फडक्यानेही तसं वाटतं, पण फडकं लवकर सुकतं, आणि गरातल्या शर्करा पाणी धरून ठेवतात म्हणून गारवा जास्त वेळ टिकतो आणि वर पातळ पापुद्रा तयार होतो. उन्हाने लाल झालेल्या अखंड कातडीवर मिळणारा आराम मुख्यतः एवढाच आहे. असेमॅननचे रेणू इतके मोठे असतात की धडधाकट त्वचेतून ते आत शिरत नाहीत.

उरलेल्या एक-दीड टक्क्यातही काम करणारं काही आहे. प्रयोगशाळेत असेमॅनन भक्षक पेशींना जागं करतं आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशींची वाढ वाढवतं असं दिसतं. गरामुळे सूज आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचं प्रमाण कमी होताना आढळतं. कातडी फाटलेली, सोललेली असेल तिथे हे रेणू पेशींपर्यंत पोचू शकतात. आधुनिक वैद्यकात कोरफडीची चर्चा सुरू झाली ती १९३५ मध्ये, क्ष-किरणांमुळे झालेल्या त्वचादाहावर ताज्या पानाचा उपयोग झाल्याच्या नोंदीनंतर. २००७ मध्ये भाजलेल्या जखमांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पहिल्या व दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यात कोरफड वापरलेल्यांची जखम सरासरी सुमारे नऊ दिवस लवकर भरली, पण त्यातले अभ्यास मोजके आणि एकमेकांपासून बरेच वेगळे होते. २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने इतर जखमांसाठी भरवशाचा पुरावा नाही असं म्हटलं. १९९१ चा एक अभ्यास तर उलट सांगतो: सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघडी राहिलेली जखम नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरली, कोरफडीचा जेल लावल्यावर ८३ दिवस लागले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वरवरच्या दाहाला कोरफड चांगली, खोल किंवा टाके घातलेल्या जखमेला नको.

भाजल्यावर आधी कोरफड तोडायला धावू नका. आधी २० मिनिटं गार वाहतं पाणी. उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते नळाने भाजलेल्या जागेवर सोडलं तर इजा वाढते. अशा वेळी पिंपातलं किंवा माठातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. जागा पूर्ण गार झाल्यावर, कातडी अखंड असेल तरच गर. भाजलेली जागा स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांगावर असेल, किंवा लहान मूल असेल तर थेट दवाखाना. फवारणीचं औषध किंवा आम्ल अंगावर सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्या औषधाची डबी बरोबर घेऊन दवाखान्यात या.

आणखी एक, नाशिकच्या थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा टाचा आणि नडग्या फुटतात आणि लोक नुसता गर चोळतात. गरात तेल नसतं. पाणी उडून गेलं की कातडी पूर्वीपेक्षा जास्त ओढल्यासारखी वाटते. गर ओलसर असतानाच वरून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, मग तो उपयोगी पडतो.

—

सिन्नरची_मंगल

सगळ्यांचे मनापासून आभार. घराजवळच्या पडवीला लागून नवा वाफा करतोय, बांधावरची पानं बंद. आता लिंबू, गुलाबपाणी आणि कॅप्सूल यांचं काय करू? काहीच न घालता गर किती दिवस टिकेल? आणि विकायचं झालं तर?

—

खलबत्ता

तिन्ही काढून टाका.

कागदी लिंबात, विशेषतः सालीच्या तेलात, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर लाल चट्टे, फोड आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. पिळताना सालीचं तेल रसात उतरतंच. मानेवरच्या पुरळाला हेही कारण असू शकतं. बाजारातलं गुलाबपाणी बऱ्याचदा पाण्यात सुगंध घालून केलेलं असतं, आणि सुगंध हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं फार नेहमीचं कारण. कॅप्सूलमधलं तेल पाण्यासारख्या गरात मिसळत नाही, वर तरंगतं. पहिल्या डबीत तेल जास्त जातं, शेवटच्या डबीत काहीच नाही.

काहीही न घालता गर फ्रीजमध्ये दोन, फार तर तीन दिवस. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर महिनाभर, पण वितळल्यावर तो पातळ होतो आणि वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. गोठवलेला खडा थेट कातडीवर घासू नका, आधी वाटीत वितळू द्या. घरच्या वापराला मला हाच मार्ग सगळ्यात सुरक्षित वाटतो.

जास्त टिकवायचा असेल तर परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य) हवा, आणि परिरक्षक चालण्यासाठी पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) नीट हवा. ताज्या गराचा पीएच साधारण ४.५ च्या आसपास असतो. एक किलो गाळलेला गर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून ६५ अंशांवर आणा आणि ढवळत १५ मिनिटं तिथेच ठेवा. थर्मामीटर लागेल, अंदाजाने जमत नाही. थेट आचेवर ठेवला किंवा उकळी आली तर दाटपणा मोडतो. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच गार करा. ३ ग्रॅम सोडियम बेन्झोएट आणि २ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट २० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून गरात मिसळा. दाटपणासाठी ४ ग्रॅम झँथन गम २० ग्रॅम ग्लिसरीनमध्ये आधी नीट कालवा आणि मग घाला. कोरडा टाकला तर गाठी होतात आणि त्या पुन्हा फुटत नाहीत. शेवटी सायट्रिक आम्लाचं पाणी थेंबाथेंबाने, पीएच ४ ते ४.३ येईपर्यंत. हे शेवटी आणि हळूच, कारण आम्ल घाईने ओतलं तर बेन्झोइक आम्लाच्या पांढऱ्या कण्या खाली बसतात आणि परिरक्षक गरात राहतच नाही. पीएच ६ वर बेन्झोएट जवळजवळ निकामी असतो, म्हणून पट्टीने मोजल्याशिवाय डबी बंद करू नका. हे सगळं मोजायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. चमच्याच्या मापाने परिरक्षक टाकणं धोक्याचं.

रंग टिकावा म्हणून काही जण व्हिटॅमिन सी घालायला सांगतात. बेन्झोएट असताना ते घालू नका. आम्लयुक्त पाण्यात या दोघांतून अत्यल्प का होईना, बेंझीन तयार होऊ शकतं.

विक्रीचं: लावायच्या गराला सौंदर्यप्रसाधन म्हणून अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे. घरच्या स्वयंपाकघरात तो मिळणं अवघड आहे. परवाना असलेल्या युनिटकडून करून घेणं हा व्यवहारी मार्ग. लेबलवर "इसब बरा होतो", "भाजल्यावर औषध" असं लिहिलं की तो माल प्रसाधन राहत नाही, औषधात मोडतो. मग परवानाही वेगळा आणि जबाबदारीही. परवाना असलेल्या युनिटकडून करून घेताना ताज्या पानांऐवजी २०० पट भुकटी (गर सुकवून २०० पट तीव्र केलेली) वापरायचा विचार करा. अर्धा ग्रॅम भुकटी ९९.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात म्हणजे मूळ गराइतकी तीव्रता. पुरवठादाराकडून अ‍ॅलोइनच्या तपासणीचा कागद त्या लॉटचाच मागा.

—

गंगापूररोडकर

चर्चा छान चालली आहे. दोन छोटे प्रश्न. दुकानातला जेल घेताना काय पाहायचं? आणि सकाळी उपाशीपोटी घरी काढलेला कोरफडीचा रस पिणारे बरेच दिसतात, ते ठीक आहे का?

—

सिडको_ओपीडी

जेलच्या मागची घटकयादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाणी, कार्बोमर (दाटपणा आणणारं कृत्रिम द्रव्य), ट्रायइथॅनॉलअमाइन, ग्लिसरीन, सुगंध, आणि कोरफड अगदी शेवटी असेल तर तो कार्बोमरचा जेल आहे, कोरफडीचा नाही. गडद हिरवा रंग घातलेला असतो, गर मुळात रंगहीन आहे. पहिल्या चार-पाच नावांत अल्कोहोल असेल तर सोललेल्या कातडीला झोंबणार.

पिण्याचं म्हणाल तर घरी काढलेला रस नको. त्यात चीक किती गेला हे कळत नाही. चिकाने पोटात कळा येतात, जुलाब होतात, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयाचं किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असणाऱ्यांना हे घातक ठरू शकतं. गर्भारपणात आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. अमेरिकेत २००२ मध्ये रेचक म्हणून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांतून कोरफड बाद झाली. सालीसकट अख्ख्या पानाच्या अर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २ब गटात, म्हणजे माणसात कर्करोगाला कारण असण्याची शक्यता असलेल्यांत, ठेवलं आहे. तो निष्कर्ष उंदरांना पाण्यातून दिलेल्या अर्कावरून निघाला, त्वचेवर लावण्याबद्दल नाही.

मंगलताई, नवी पद्धत बसल्यावर वाटण्याआधी प्रत्येकीला चाचणी करायला सांगा. कोपराच्या आतल्या घडीत नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस, रोज त्याच जागी. एका दिवसाच्या चाचणीत उशिरा येणारी अ‍ॅलर्जी निसटते. कांदा, लसूण किंवा लिलीच्या कुळातल्या झाडांनी जिला आधीच खाज येते, तिने आधी एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. मानेवर पुरळ आलेल्या ताईने सध्या काहीच लावू नये. पुरळ पूर्ण गेल्यावर दोन आठवड्यांनी चाचणी, तीही परिरक्षक न घातलेल्या ताज्या गराची आणि परिरक्षक घातलेल्याची, दोन वेगळ्या हातांवर. म्हणजे दोष कोणत्या गराचा ते कळेल.

—

वाफा_आणि_वेल

वाफ्यासाठी पिल्लं हवी असतील तर वीतभर उंचीची, स्वतःची मुळं असलेली घ्या. काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तुटलेली जागा सुकू द्या, मग लावा, आणि लावल्यावर पहिले चार-पाच दिवस पाणी देऊ नका. दोन रोपांत दीड फूट अंतर. यंदा लावलेल्या पिल्लांची पानं तोडायला निदान दोन वर्षं थांबा, तोवर गर मिळवायचा तर फवारणीपासून लांबच्या कुणाच्या परसातली जुनी झाडं शोधा.